चाळीस जणांपुरता सिनेमा

सडक अर्जुनीच्या कॉलेजात कुशल सरांनी चित्रपट-अभ्यासाचा पेपर सुरू केला, तेव्हा प्राचार्यांनी एकच गोष्ट बजावली होती: एक जरी तक्रार आली तर पेपर बंद, आणि पेपर बंद म्हणजे तासिका तत्त्वावरचे कुशल सरही बंद. म्हणून चोरून उतरवलेला सिनेमा दाखवायची सरांची छाती होत नव्हती. शेजारच्याच गावातल्या जुन्या तलावावर मुंबईच्या एका कंपनीने माहितीपट केला होता, परदेशात बक्षीस वगैरे मिळालेला. सरांनी नाकदुऱ्या काढून त्याचा परवाना मिळवला. अट अशी, की बंद खोली आणि वर्गातले चाळीस विद्यार्थी. बाहेरचा माणूस एकही नाही. कंपनीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवरून स्वतः लक्ष ठेवणार होत्या.

सर हरखले आणि त्या भरात शिपाई यादोरावला म्हणाले, "उद्या अकराला सिनेमा आहे, सगळ्यांना कळवा."

यादोराव शिपाई होता तो नोकरीपुरता. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गावोगावच्या नाटकांचं सगळं नियोजन त्याच्याकडे असे, आणि सगळ्यांना कळवायची त्याची एक रीत होती. त्याने ऑटोवर भोंगा बांधला आणि पाच गावं फिरला. बसायला आपापलं पोतं आणा, हेही सांगायला तो विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या आवारात ट्रॅक्टर लागले, शेंगदाणेवाला आला. सरांचं धाबं दणाणलं.

"यादोराव, हे काय करून ठेवलंत?"

"काऊन जी? माईक फिरवल्याबिगर पब्लिक येते का?"

सरांनी दाराला आतून कडी घातली. पण पहिल्या बाकावर तलावाच्या गावची जमुनाबाई आधीच पोतं टाकून बसली होती. तिला बाहेर जायला सांगायचं काम विद्यार्थी एकमेकांवर ढकलत होते, कारण तिचं तोंड पंचक्रोशीला ठाऊक होतं. शेवटी सरांनीच हात जोडले.

"मी या पिक्चरमंधी आहो," ती म्हणाली. "मले बाहेर काढतेस, अन् माहं थोबाड आत पाह्यतेस का?"

यावर परवान्यात काही लिहिलेलं नव्हतं. सरांनी लॅपटॉपचा कॅमेरा फक्त मागच्या बाकांकडे वळवला, सिनेमा सुरू केला आणि मनातल्या मनात नोकरीचे दिवस मोजायला घेतले. मागच्या बाकांमागे खिडक्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मॅडमच्या मात्र आलं. प्रत्येक गजाआड तीन-तीन डोकी होती.

हा उघड करारभंग आहे, मी आत्ता सिनेमा थांबवते आणि प्राचार्यांना कळवते, असं मॅडम म्हणत होत्या, तेवढ्यात बक्षीस मिळालेला प्रसंग आला. तलावाच्या मातीच्या पाळीवर हात उंचावून जमुनाबाई घसा फोडून काहीतरी म्हणत होती. खाली इंग्रजीत अक्षरं उमटत होती आणि निवेदक भारावून सांगत होता, की ही जलदेवतेची प्राचीन आळवणी.

खोली हसून फुटली. खिडक्या तर हलायला लागल्या.

"प्रार्थनेला का हसतायत ते?" मॅडमनी विचारलं.

जमुनाबाई बाकावरून उठली. ती लॅपटॉपला नाक लावून म्हणाली, "कायची प्रार्थना वं बाई? समोर माहा देर सुकराम उभा होता. माह्या वाट्याचं पानी त्यानं रातोरात आपल्या धानाच्या बांधीत नेलं. त्याच्या सात पिढ्यायले शिव्या देऊन राहिली मी."

आणि त्या शिव्या तिने, मॅडमना नीट कळाव्यात म्हणून, सावकाश पुन्हा म्हणून दाखवल्या.

मग मॅडमनी अगदी मऊ सुरात विचारलं, की हे बाहेर कुणाला माहीत आहे का. सरांना गेल्या महिन्याभरात प्रथमच आपला कणा ताठ झाल्यासारखं वाटलं. पाच गावांना माहीत आहे, ते म्हणाले, मुंबईत अजून नाही.

संध्याकाळपर्यंत नवा परवाना आला. कितीही माणसं, कुठलंही गाव, कायमचा; फक्त त्या प्रार्थनेचा अर्थ कुणी कुणाला सांगायचा नाही. प्राचार्यांनी सरांना चहा पाजला आणि पुढच्या वर्षाचे तासही दिले.

नाराज होता तो एकटा जमुनाबाईचा दीर सुकराम. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूममध्ये येऊन बसला आणि काही केल्या उठेना.

"सर, मुंबईले फोन लावा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी बी काई कमी नोहतो बोललो. माही प्रार्थना काऊन कापली?"