कोणीही बसू नका!

"आज बघच तू!" आरशासमोर भांग पाडता पाडता खबरदारसाहेब बायकोला म्हणाले. "असं ट्रेनिंग देतो, असं ट्रेनिंग देतो, की हे ब्रोकर लोक जन्मभर माझं नाव घेतील!"

नाव घेतील हे पुढे अगदी खरं ठरलं. कसं घेतील, हे मात्र साहेबांनी आधी ठरवायला हवं होतं.

खबरदारसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा ब्रोकरांच्या कंपनीत ते क्लेम विभाग सांभाळायचे. ज्याचं काही जळलं, बुडालं, मोडलं, तो यांना फोन करून ओरडायचा, आणि हे शांतपणे म्हणायचे, "अहो, आधीच खबरदारी घ्यायला हवी होती!" मग तो आणखी ओरडायचा. अठरा वर्षं हेच! हल्ली घरी दाराची बेल वाजली तरी तोंडून निघायचं, "तुमचा क्लेम तपासात आहे."

अशात ट्रेनिंगप्रमुखाची जागा रिकामी झाली. मोठ्या बाई, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "जोखीम व्यवस्थापनाचं एक ट्रेनिंग घेऊन दाखवा. जमलं तर जागा तुमची." साहेबांना रात्रभर झोप लागेना. फोन नसलेलं टेबल! नुसत्या कल्पनेनं डोळे भरून येत होते.

"अहो, पण खुर्चीचा पेच मुद्दाम काढायचा म्हणजे..." बायको कुरकुरली. "कोणी आपटलं-बिपटलं तर?"

"आपटेल कसं? मी आहे ना तिथे! ती खुर्ची पुढे खिडकीपाशी ठेवायची. सगळे आत आले की विचारायचं, 'या हॉलमधला लपलेला धोका कोणता?' कोणालाच सांगता येणार नाही. मग मी ऐटीत जाणार, खुर्ची उलटी करणार आणि पेच दाखवणार! टाळ्या!"

"आपल्याकडे धोके काय कमी आहेत म्हणून विकतचे आणायचे?" बायको म्हणाली आणि डबा भरायला गेली.

सकाळी ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. साहेबांनी पेच काढला, खिशात टाकला, खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि खुशीत चहा प्यायला खाली गेले. परत येऊन बघतात तर काय! झाडूवाल्या मावशींनी फरशी पुसून सगळ्या खुर्च्या नव्यानं गोलात मांडलेल्या. तीसच्या तीस निळ्या, एकीसारखी दुसरी! आणि दारातून ब्रोकर आत शिरत होते.

"थांबा!" साहेब ओरडले. "कोणीही बसू नका!"

सगळे जागच्या जागी थबकले. एक ज्येष्ठ ब्रोकर, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, अर्धे वाकलेले तसेच राहिले.

"का हो?" आबांनी विचारलं.

आता खरं सांगायचं तर फजिती, आणि खोटं सुचेना. "कारण..." साहेबांनी खिशातला पेच चाचपला, "कारण जोखीम ओळखणारा माणूस कधी बसत नसतो!"

"वा!" सगळ्यात पुढे उभी असलेली नवी ब्रोकर म्हणाली आणि तिनं ते लगेच टिपून घेतलं. चुणचुणीत मुलगी. असली माणसं ट्रेनिंगला नसली तर किती बरं होईल!

साहेबांनी शिकवायला सुरुवात केली. तोंडानं धोक्याचे प्रकार सांगत होते, हातानं एकेक खुर्ची हलवून बघत होते. पण त्या हॉलची फरशीच अशी की प्रत्येक खुर्ची डुगडुगायची! मग ते वाकून खालून बघायला लागले. तर निम्म्या खुर्च्यांचे बारीकसारीक पेच आधीपासूनच गायब!

"सर, काय शोधताय?" नव्या ब्रोकरनं विचारलं.

"धोका! धोका वरून दिसत नाही, खाली वाकावं लागतं!"

झालं! अर्धा हॉल गुडघ्यांवर. चांगले इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं खुर्च्यांखालून रांगायला लागली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तिसऱ्यानं त्या दोघांना तिथल्या तिथे अपघात विमा विचारून घेतला.

आता उपाय एकच. प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून बघायचं. मोडली तर मोडली, आपण पडू, पण सुटू तरी! साहेब पहिल्या खुर्चीवर हळूच टेकले. काही नाही. उठले. दुसरीवर टेकले. उठले. आणि तोंड चालूच. "ग्राहकानं धोका माहीत असून लपवला, तर काय?"

"तर काय?" सगळ्यांनी विचारलं.

"तर विमा रद्द!" साहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "लपवलं की संपलं!" हे बोलताना त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. खिशातला पेच मांडीला टोचत होता.

"सर, पण तुम्ही सारखी जागा का बदलताय?"

"जोखीम एका जागी साठू द्यायची नसते! पसरवायची, वाटायची!"

"अच्छा!" म्हणत ती पोरगी पटकन एका खुर्चीवर बसली, उठली, दुसऱ्या खुर्चीवर गेली. तिचं बघून दुसरे. मग सगळेच! आबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळी वाजली की सगळे उठायचे, पुढच्या खुर्चीकडे धावायचे. धावताना खुर्च्या सरकत होत्या, ढकलल्या जात होत्या, आणि कुठली तपासली नि कुठली राहिली, काही पत्ता लागेना. "हळू! अहो हळू!" म्हणत साहेब मध्ये गरागरा फिरत होते. प्रत्येक बसणाऱ्याबरोबर त्यांचा जीव खालीवर होत होता.

आणि नेमक्या तेव्हाच दारात मोठ्या बाई! एक हात कमरेवर, चेहरा आंबट.

बाई आत आल्या. घामाघूम झालेले, हसून लाल झालेले एकोणतीस ब्रोकर त्यांनी बघितले.

"हे काय चाललंय?"

"बाई, आम्ही जोखीम वाटून घेतोय!" नवी ब्रोकर धापा टाकत म्हणाली. "इतकं छान मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं!"

"मला तर गुडघेदुखीचाही विसर पडला," आबा म्हणाले.

बाईंचा चेहरा खुलला. "आणि या माणसाला मी अठरा वर्षं फोनला जुंपून ठेवलं! माझंच चुकलं. मंडळी, मला एक गोष्ट जाहीर करायची आहे." साहेबांच्या कानात सनई वाजायला लागली. "पण आधी जरा टेकते. कंबर धरली आहे माझी." आणि बाईंनी खिडकीजवळची खुर्ची ओढली.

ती साहेबांनी तपासली होती का? आठवेना! बाई वाकल्या. गप्प राहावं? आणि बाई पडल्या तर? साठीच्या बाई, आधीच कंबर धरलेली! साहेबांना राहवेना.

"बसू नका!" ते किंचाळले. "यातल्या एका खुर्चीचा पेच मी काढलाय! सकाळी, ट्रेनिंगसाठी! कुठली ते मलाच माहीत नाही!" आणि त्यांनी खिशातला पेच काढून पुढे धरला. बोलून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

बाईंनी पेच निरखून बघितला. मग साहेबांना निरखून बघितलं.

"ती तुम्ही ढिली केली होती?"

"होती? म्हणजे?"

"सकाळी तुम्ही खाली चहा घेत होतात, तेव्हा मी इथे फोनवर बोलायला बसले. धाडकन आपटले! ती मोडकी खुर्ची तेव्हाच बाहेर काढून ठेवायला लावली. मावशींनी दुसरी आणून ठेवली. आणि सकाळपासून मी त्या बिचाऱ्या सुताराला फोनवर फैलावर घेतेय!"

हसू दाबायला आबांनी खोकल्यासारखं केलं.

"बाई," साहेबांनी चाचरत विचारलं, "ते... तुम्ही काही जाहीर करणार होता..."

"करणार होते," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही केलंत. उद्यापासून फोन तुम्हीच घ्या. पहिला क्लेम माझ्या कमरेचा आहे."

मग त्या खुर्चीवर ऐसपैस टेकल्या. ते पाहून बाकी सगळ्यांनीही सुटकेचा श्वास सोडला आणि भराभर खुर्च्या धरल्या. साहेबांचे पाय भरून आले होते. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. ते निमूटपणे दाराकडे वळले.

"निघालात कुठे? अजून तासभर ट्रेनिंग बाकी आहे ना?" बाई म्हणाल्या. "शिकवा. आणि अगदी सावकाश शिकवा. आता आम्ही सगळे बसलोय."