अखंड सरावाचा बिल्ला

अंतिम शर्यतीच्या तोंडावर धावपटू चिमणीच्या नडगीचं हाड मोडलं. (हे वाक्य क्रीडा प्रबोधिनीच्या समितीने कामकाजातून वगळलं आहे. हाड मोडलेलं नाही. पुढे वाचावं.)

शिस्त ही सर्व खेळांची जननी असते. आणि जननीशी संबंधित कुठलाही विषय निघाला की समितीतले सगळे पुरुष खिडकीबाहेर बघू लागतात.

पाळीच्या दिवसांतही सरावाला दांडी न मारणाऱ्या मुलीला प्रबोधिनी 'अखंड सराव' असा पितळी बिल्ला देई. चिमणीने तर कमालच केली. पहाटे टेकडी, दुपारी वजनं, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि अंग हलकं राहावं म्हणून ताटात काकडी. एवढ्यावर तिच्या पाळीनेच दांडी मारली, तीही महिनोन् महिने. सर हरखले. "बघा, शरीरालासुद्धा शिस्त लागली!" पाहणीनुसार शंभर टक्के प्रशिक्षकांचं (एकूण प्रशिक्षक : एक) हेच मत होतं.

नडगी ठणकायची. पण ही शर्यत जिंकली की राष्ट्रीय संघात जागा नक्की होती, आणि बिल्लेवाल्या मुलीने कण्हणं बरं दिसत नाही, म्हणून चिमणी दात-ओठ खाऊन पळायची. (खाण्यात तेवढंच असायचं.)

फोनवर आई विचारी, "अगं, पाळी आली का?"

"आई, तिला सध्या वेळ नाही."

"तिला नाही, की तुला गं?"

मग एका सकाळी वळणावर कट्कन आवाज झाला. न मोडलेलं हाड घेऊन सर तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

"हाडाने पूर्वसूचना न देता रजा घेतली," सर म्हणाले.

बाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. "मेहनत घोड्याची, खाणं चिमणीचं. मग शरीर आधी पाळी बंद करतं, मागोमाग हाडं ठिसूळ होतात. सूचना कधीपासून येत होती, सर. तुम्ही तिला बिल्ला दिलात."

संघातली जागा गेली. प्लास्टर, विश्रांती आणि आईच्या हातचं भरलेलं ताट यांनी बऱ्याच महिन्यांनी पाळी परत आणली. चिमणीने बिल्ला परत करून अर्ज केला : 'पाळी थांबलेल्या मुलीला शाबासकी देऊ नये. पोटभर वाढावं आणि डॉक्टरांकडे न्यावं.'

बैठकीत अध्यक्षांनी अर्ज वाचायला सचिवांकडे दिला. सचिव चष्मा घरी विसरले होते (चष्मा नाकावर होता). खजिनदारांना एकदम खोकला आला. विषय तहकूब.

तरी वाचकांना नम्र विनंती, की हा अर्ज त्यांनी आजच घरातल्या लहानथोरांसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवावा. ज्यांना खोकला येईल, त्यांनी समितीवर आपली बिनविरोध निवड झाल्याचं समजून पुढच्या बैठकीला वेळेवर हजर राहावं.