सुभेदार आबांचा वारा

सुभेदार आबा आमच्या दारात आले की खुशाली विचारत नाहीत. चिमूटभर माती हवेत सोडतात आणि म्हणतात, "वारा कुठला हाय, गड्या?"

आबा फौजेत जवानांना विषारी वायूपासून जीव वाचवायला शिकवायचे. निवृत्त होऊन आष्ट्याला माझ्या द्राक्षबागेशेजारी राहायला आले, आणि माझे भोग सुरू झाले. ऑक्टोबर छाटणी झाली की आम्हाला फवारणीतून उसंत नसते. मी पंप भरला की आबा बांधावर हजर.

"जर्मनीत एक गडी किडं मारायचं औषध हुडकत हुता. त्यातनंच माणसं मारायचा वायू निघाला. तुज्या पंपातलं त्याच्याच भावकीतलं हाय."

"भावकीशी आमचं कवा पटलंय, आबा?" मी कंटाळून म्हणायचो. ते हसायचे नाहीत.

आणखी एक खोड. चहा दोनदा घेतील, पण कुणाच्या घरी ताक आलं की उठून जातील. फौजेनं जीभ बिघडवली, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

गेल्या हंगामात भर दुपारी फवारून आलो आणि ओट्यावरच बसलो. घाम थांबेना, मळमळायला लागलं. बायकोनं ताक आणलं. आबांनी तिच्या हातातला पेला हिसकावला, माझे कपडे उतरवले, मला पाइपखाली धरून साबणानं घासलं आणि नुसत्या चड्डीवर दवाखान्यात नेलं. सगळ्या पेठेनं पाहिलं.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली. म्हणाले, "ऊन लागलंय. ताक पाजा."

रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. घरी आल्यावर आबा ओट्यावर टेकले.

"माजा धाकटा ल्योक असाच मळ्यातनं फवारून आला हुता," ते म्हणाले. "मी सुट्टीवर. त्येला घाम, तोंडातनं लाळ. हीच लक्षणं मी फौजेतल्या पोरांस्नी फळ्यावर लिवून द्यायचो. पर आपल्या घरात वायू कुठला? ऊन लागलं आसंल म्हनून ताक पाजून निजवला. मीच पाजलं. उठलाच न्हाई."

इतकी वर्षं या माणसाला कंटाळत आलो, याची मला लाज वाटली.

बायको पुन्हा ताक घेऊन आली. पेला आबांनीच घेतला. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या विषानं बारीक झाल्यात का ते निरखलं, आणि मग पेला माझ्या तोंडाला लावला. निम्मं माझ्या अंगावर सांडलं, उरलेलं मी सगळं प्यालो.

अंधार पडेपर्यंत ते तिथंच बसून होते, मला झोपू न देता.