राणीचे पाय

नाटकांची पोस्टरं वाचावीत तर मीच! लोक पोस्टरवर नाव आणि वेळ बघतात. मी त्याचं अंतरंग बघतो. कोपऱ्यात विझता दिवा दिसला की नायिकेचा बाप तिसऱ्या अंकात जाणार, हे मी तिकीट काढण्याआधीच सांगतो. त्यामुळे माझ्याबरोबर नाटकाला कोणी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा सुनेच्या मदतीला मी आपण होऊन धावलो, यात नवल नाही. ती नाट्यगृहात नोकरी करते. तिथल्या अडगळीत तिला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पोस्टरांचे गठ्ठे सापडले होते. त्यांच्यासाठी ती एक खोली मागत होती. मंडळाला त्याच खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. चार वाजता अध्यक्ष येऊन काय तो निकाल देणार होते. दोन वर्षं धूळ खाऊन पोर रडकुंडीला आली होती.

"बाबा, मी दिवेवाल्याला घेऊन येते. तुम्ही आणि आई नुसते बसा. कशाला हात लावू नका!"

मी बसलो. तब्बल चार मिनिटं!

त्या काळी मोठं पोस्टर दोन तुकड्यांत छापत, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, आणि भिंतीवर जोडून डकवत. नाटकाच्या नावाची पट्टी निराळी असे. ती उंदरांनी कधीच वाचून संपवली होती. समोर अध्यक्षांना दाखवायची पोस्टरं डकवायला आणलेल्या फळ्या होत्या, खळीचं डबडं होतं. आणखी काय हवं?

"अगं, शिडी धर," मी बायकोला म्हणालो.

वरच्या तुकड्यात मुकुट घातलेली, रडणारी राणी. मागे जांभळं आभाळ. जांभळ्या आभाळाचा खालचा तुकडा शोधला, डकवला. उरलेले दोन तुकडेही जांभळेच निघाले. ते दुसऱ्या फळीवर जोडून टाकले. तिथे जे काही जमलं ते बघून मात्र मी ती फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. प्रतीकांचाही अतिरेक नको!

बायको मागे सरकून पहिली फळी बघत होती.

"अहो, राणी सायकलवर आहे."

"मग?"

"पाय केसाळ आहेत तिचे. आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलीये."

"प्रतीक आहे ते! वर सत्ता, खाली सामान्य माणूस!"

"सामान्य माणसाने पूर्ण पँट घालावी की!"

एवढ्यात अध्यक्ष आले. सुनेच्या आधी! इस्त्री करून घडी घातल्यासारखा माणूस. फळीसमोर आले आणि थबकले. डोळे चक्क पाणावले! बाण लागला, मी मनात म्हणालो, आणि सुटलोच.

"हे पाय बघा, अध्यक्षसाहेब! किती बेढब! हा उजवा अंगठा तर पायडलबाहेर पळ काढतोय. सडलेल्या राज्याचा पाया असाच हास्यास्पद!"

अध्यक्ष फळीच्या आणखी जवळ सरकले. मी आवाज चढवला.

"या पायांना अक्कल नाही, लाज नाही..."

"ते माझ्या वडिलांचे पाय आहेत," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांनी मोडक्या खुर्चीवर बसून उजवा बूट काढला, मोजा काढला. अंगठा बाकीच्या चार बोटांशी भांडण झाल्यासारखा दूर उभा होता!

"विनोदी नट होते ते. मी सहा वर्षांचा असताना गेले. रंगमंचावरचा एक फोटो नाही घरात. पण वरचं हे डोकं कोणाचं?"

नेमकी तेव्हाच सून दारात आली. तिने फळी बघितली, अध्यक्षांचा उघडा पाय बघितला, मग माझ्या कोपराला लागलेली खळ बघितली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. दोन वर्षांची मेहनत माझ्या कोपरावर वाळत होती.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "प्रतीकबितीक काही नाही. रंग जुळला, डकवलं. सुनेने हात लावू नका म्हणून बजावलं होतं. राग माझ्यावर काढा, पण खोली पोरीला द्या."

"वडिलांचं तोंड कुठंय?"

मी दुसरी फळी वळवली. वर झुपकेदार मिशा, कानापर्यंत पसरलेलं हसू. कमरेखाली राणीचा जरीचा घोळदार झगा, आणि पायाशी मेलेला राजा.

अध्यक्ष बघतच राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मी पाण्याचा ग्लास शोधू लागलो. पण ते हसत होते!

"अहो, हे नाटक त्यांनी फुकट केलं असतं!"

खळ ओली होती, म्हणून निभावलं. सुनेने स्पंजने तुकडे सोडवले. पाण्याची बादली अध्यक्षांनी धरली, एका पायात बूट घालून. वडिलांना स्वतःचे पाय परत मिळाले आणि सुनेला खोली.

"मात्र एक करा," अध्यक्ष म्हणाले. "दर रविवारी कोणीतरी पोस्टरांचा अर्थ लोकांना सांगत जा."

मी घसा खाकरला.

"आईंना सांगते," सून म्हणाली.

आता रविवारी ही उभी राहते. "ही राणी. रडतेय. ही सायकल." पाच मिनिटांत चाळीस पोस्टरं उरकतात आणि लोक टाळ्या वाजवतात! मलाही आत प्रवेश आहे. दोन्ही हात खिशात ठेवण्याच्या अटीवर.