आत बायको, बाहेर कुलूप

"साऱ्या गावाची कुलपं दुरुस्त करता, आणि घरच्या न्हाणीघराला कडी नाही! कुणी आत येऊ नये म्हणून लग्न झाल्यापासून मी गाणं म्हणत आंघोळ करतेय!" बायको कडाडली.

"म्हण की मग. आवाज चांगला आहे तुझा," कुलूपवाला म्हणाला. ऐन भांडणात कौतुक करू नये, एवढी साधी अक्कल या माणसाला नव्हती.

"मी चालले दादाकडे. कायमची!"

"खुशाल जा!"

तो तणतणत बाहेर पडला आणि दाराला कुलूप ठोकलं. का? तर सवय! गिऱ्हाइकांच्या तोंडून चोऱ्यांच्या कहाण्या ऐकून ऐकून हा गृहस्थ कोपऱ्यावर दूध आणायला गेला तरी कुलूप लावायचा. पुलावर पोचेपर्यंत राग आणखी चढला. "पुन्हा त्या घरात पाय ठेवणार नाही," असं ओरडून त्याने किल्ली नाल्यात भिरकावली. दुकानाचं शटर वर करतो न करतो, तोच फोन वाजला.

"अहो, मी आत आहे!"

तो धापा टाकत घरी आला, तर मेहुणा बहिणीला न्यायला टेम्पो घेऊन हजर. खिडकीच्या गजांतून बायको आणि बाहेरून मेहुणा, दोघांचीही तोंडं एकदम सुटली.

"माझ्या बहिणीला कोंडता, जावईबापू? लाज नाही वाटत?"

एव्हाना सगळी गल्ली जमली होती. मदतीला कोण येतंय! दुसऱ्याचं घर मोडताना बघायला माणसांना भारी हौस. त्यातून अर्धे लोक त्याचीच गिऱ्हाइकं. 'किल्लीशिवाय उघडून दाखवा' अशी पाटी लावून त्याने हेच कुलूप त्यांच्या गळ्यात मारलं होतं. आता उघडलं तर धंदा बुडणार, नाही उघडलं तर संसार.

कुलूपवाल्याने दातओठ खाल्ले, खिशातून एक वाकडी तार काढली आणि सगळ्यांदेखत दोन हिसके दिले. कुलूप उघडलं.

"अरे चोरा! माझ्या दारालाही हेच आहे!" शेजारी ओरडला.

बायको पिशवी घेऊन उंबऱ्यात आली. तिचा आवाज एकदम उतरला होता.

"खरं सांगा. मी जाऊ नये म्हणूनच कुलूप घातलंत ना?"

सगळ्या गल्लीने कान टवकारले. मेहुणासुद्धा बाजूने 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणा करू लागला. पण बायकोसाठी उभ्या धंद्यावर पाणी सोडणाऱ्या या शहाण्याला एक 'हो' म्हणता येईना!

"छे! तू आत आहेस हे माझ्या लक्षातच नव्हतं."

बायको लालबुंद झाली. तिने पिशवी घरात भिरकावली.

"दादा, तू जा परत."

"अगं, पण टेम्पो आणलाय मी..."

"मी गेले तर हे सुखात राहतील! तसं नाही होऊ द्यायची मी. जन्मभर इथेच राहून ऐकवणार आहे यांना!"

तिने दोघांच्या तोंडावर धाडकन दार लावलं आणि आतून अडसर घातला. कुलूपवाल्याने दार ढकलून पाहिलं, मग हळूच थाप मारली.

"अगं, दार उघड."

"का? आता आलं लक्षात, मी आत आहे ते?"