बटण वाढवू!

"गो, तुझा कम्प्युटर येडा हाय का? एकट्या बाईच्या शेतावर पयलं जायचं, एवढं पन त्याला कलत नाय?"

लावणीची यादी न्यायला आलेल्या सोनूबाईंनी विचारलं मला. उत्तर आलं आतल्या खोलीतून. "कलंल! बटण वाढवू!"

हे आमचे दामूकाका. मुरबाडला त्यांचा कम्प्युटर क्लास होता. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून टायपिंगला ठेवलेली. गावच्या बोलीत बोलावं लागत नसे, हेच मला बरं वाटे.

काकांनी भातलावणीच्या सावडीचा प्रोग्राम केला होता. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतावर राबायचं, उद्या मी तुमच्या. फक्त प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी. धसईकडे ज्याची रोपं आधी तयार, त्याचा नंबर आधी. एका पाड्यावर चिठ्ठ्या टाकत. एका गावात दोन जावा एका बांधावर येत नसत. त्यांच्यासाठी 'भांडण चालू' आणि 'भांडण मिटलं' अशी बटणं होती. ती आम्हाला दर सोमवारी बदलावी लागत.

"सगळ्यांना एकच नियम लावा ना," एकदा क्लासमधल्या कुणीतरी सुचवलं.

"गाव काय प्रोग्रामसाठी बदलंल?" काका खवळले. बटणं वाढता वाढता मशीन बंद पडे. मग काका त्यावर ओला टॉवेल टाकून, तापलेल्या वासराजवळ बसावं तसे बसत.

त्या दिवशी याद्या छापताना शेवटी एक गट दिसला. नाव एकच: काकांचं. चाचणीसाठी घातलं असेल, म्हणून मी पुसायला निघाले.

"ऱ्हाऊ दे," सोनूबाई हळूच म्हणाल्या. "काकू गेल्या, यांचा गुडघा वाकत नाय. बदल्यात घरातनं कुनाला धाडतील? आमी त्यांच्या लावणीला येतो बोललो, तर नको बोलतात. फुकटचे हात नको त्यांना. राब पार पिवला पडलाय."

म्हणजे राबातली, लावणीसाठी वाढवलेली रोपं वाया जात होती, आणि काका दुसऱ्यांसाठी बटणं वाढवत होते.

मी काकांचं नाव सोनूबाईंच्या गटात टाकलं. 'घरातून कोण येणार?' या रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढचा प्रश्न आला: 'लावणी येते?' उत्तरं दोनच, होय किंवा नाही. चिखलात मी कधी पाय घातला नव्हता.

"झालं का गो छापून?" काकांनी आतून विचारलं.

मी उठून त्यांच्या दारात गेले.

"काका, 'येत नाय, पण शिकेन' असं एक बटण वाढवा."