दोन डाव खिचडी आणि फ्रेंच राज्यक्रांती

"फ्रेंच राज्यक्रांती? चाळीस मिनिटं! फक्त चाळीस मिनिटं द्या मला. पोरं जन्मात विसरणार नाहीत!"

असं दत्तोपंत भिसेगावातल्या आपल्या घरात, अंगात बनियन आणि हातात चहाचा कप असताना म्हणाले. त्यांची बायको पद्मजाताई समोर मेथी निवडत बसली होती.

"केवढ्या पोरांना?"

"पहिली ते पाचवी! सगळ्यांना एकत्र!"

"पहिलीतल्यांना अजून शू लागलेली सांगता येत नाही हो."

"क्रांतीला वय नसतं!"

"गुडघ्यांना असतं. स्कूटर हळू चालवा."

हायस्कुलात चौतीस वर्षं इतिहास शिकवून दत्तोपंत निवृत्त झाले होते. निवृत्त म्हणजे काय, इतिहास त्यांच्याकडेच राहिला, समोरची पोरं तेवढी गेली. मग ते दूधवाल्याला शिकवायला लागले. पॅरिसचा तुरुंग लोकांनी कसा फोडला, हे तीन वेळा ऐकल्यावर दूधवाला पिशवी गेटला अडकवून पळायला लागला. शेवटी पद्मजाताईंनीच ओळखीच्या सोनाली मॅडमना फोन लावला. चौक नावाचं गाव ओलांडून लोधिवलीच्या बाजूला एक छोटं गाव आहे, तिथल्या शाळेत त्या शिकवतात. गावाचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. एकूण पोरं एकतीस. आठवड्यातून एकदा, दर बुधवारी, दत्तोपंत तिथं जायला लागले.

शाळेत सोनाली मॅडमपेक्षा जुनी एकच व्यक्ती होती. चंद्राबाई! बावीस वर्षं ती पोरांना खिचडी शिजवून घालत होती. काही पोरांच्या आयासुद्धा तिच्याच टोपातल्या खिचडीवर वाढलेल्या. वाढायची तिची पद्धत न्यारी होती. हातात डाव घेऊन आधी पोराच्या तोंडाकडं बघायचं आणि मग किती वाढायचं ते ठरवायचं! रिया नावाच्या तिसरीतल्या मुलीला रोज दोन डाव. साईराजला एक, कारण त्याच्या दप्तरात आईनं दिलेला डबा असायचा आणि चंद्राबाईला तो वासावरून कळायचा. दत्तोपंतांना बुधवारी न विचारता स्टीलच्या ताटलीत खिचडी आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड.

"खा गुरुजी," ती म्हणायची. "बोलून बोलून पोट खपाटीला गेलंय तुमचं."

तर त्या बुधवारी क्रांती सुरू झाली.

"पोरांनो, पॅरिसमध्ये लोकांना भाकरी मिळेना!"

"रेशन बंद झालं का सर?" पाचवीतल्या साईराजनं विचारलं.

"तसंच समज! आणि राजाकडं मात्र धान्याचे ढीग!"

"मग त्याचं पिवळं कार्ड असणार."

दत्तोपंतांच्या लक्षात आलं, की नुसत्या तोंडानं हे जमणार नाही. नाटक पाहिजे! पोरं म्हणजे पॅरिसची जनता. स्वयंपाकाची शेड म्हणजे राजवाडा. आणि राणी? राणी कोण?

"चंद्राबाई!" एकतीस पोरं एका दमात ओरडली.

"या बया! मी?" चंद्राबाई पदर तोंडाला लावून हसली. पण सोनेरी कागदाचा मुकुट डोक्यावर आल्यावर तिनं कढईच्या पाठीत तोंड बघून घेतलं. दोनदा.

मोर्चा निघाला. "भाकरी द्या! भाकरी द्या!" पोरं शेडपाशी पोचली. आता राणीनं ठणकावून नाही म्हणायचं होतं. राणीनं टोपाचं झाकण काढलं.

"या रं, बसा. ताटं घ्या आपापली."

क्रांती दीड मिनिटात संपली!

"अहो चंद्राबाई, नाही म्हणायचं!" दत्तोपंत ओरडले. "भाकरी नसेल तर केक खा, असं म्हणायचं! म्हणजे खऱ्या राणीनं तसं म्हटल्याचा पुरावा नाही, पण आपण म्हणायचं!"

"भुकेल्या पोरांना केक खा म्हनू?" चंद्राबाईनं मुकुट सारखा केला. "नाय गुरुजी. मला नाय जमायचं. जन्मात म्हनले नाय तसं."

पुन्हा मोर्चा. पुन्हा झाकण उघडलं. तिसऱ्या मोर्च्याला तर तिनं पोरं यायच्या आधीच वाढायला घेतलं. अशा राणीविरुद्ध क्रांती करायची कशी?

दत्तोपंतांच्या डोक्यात तेव्हा ती कल्पना आली. चौतीस वर्षांत आली नव्हती, ती नेमकी त्या दिवशी आली.

"पोरांनो, क्रांतीला कारण लागतं! राणीविरुद्ध तक्रारी लिहा. आणि खऱ्या लिहा हं! खोट्या तक्रारींवर लोकशाही उभी राहत नाही!"

फळ्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तीन शब्द लिहिले, स्वातंत्र्य, समता, बंधुता. पोरं समतेवर तुटून पडली. साईराजनं फुलस्केप कागद घेतला. वर मथळा दत्तोपंतांनी स्वतः लिहून दिला, 'जनतेचा जाहीरनामा', खाली ठसठशीत तारीख. कलम एक, रियाला दोन डाव आणि आम्हाला एक, हा अन्याय आहे. कलम दोन, सर्वांना सारखी खिचडी मिळालीच पाहिजे. कलम तीन, खिचडीत एकदा खडा निघाला होता. खाली सगळ्यांच्या सह्या. पहिलीतल्या पोरांचे अंगठे. आपलंच नाव पहिल्या कलमात आहे हे न कळून रियानंही झोकात सही ठोकली.

राणीनं जाहीरनामा ऐकला, खो खो हसली, मुकुट काढून साईराजच्या डोक्यावर ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे जेवायला बसले. रियाला दोन डाव.

इथंच संपायला हवं होतं. पण हल्ली शाळेत काहीही केलं, की त्याचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकावा लागतो. फोटो नाही, तर उपक्रम झालाच नाही! सोनाली मॅडमनी मोर्च्याचे चार फोटो टाकले, मुकुटाचा एक, आणि सहाव्या फोटोत जाहीरनामा. सह्यांसकट. खाली लिहिलं, 'नावीन्यपूर्ण उपक्रम'. संध्याकाळपर्यंत बासष्ट अंगठे आले. पुढच्या बुधवारी तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले.

साहेब फार सभ्य होते. तेच वाईट झालं. ओरडले असते, तर दत्तोपंतही ओरडले असते.

"साहेब, ते नाटक होतं!"

"मथळ्याचं अक्षर तुमचं?"

"माझंच."

"तारीख खरी?"

"खरी."

"सह्या?"

"खऱ्या. अंगठेसुद्धा."

"मग यात नाटक काय आहे, सर?" साहेब हसले आणि साईराजकडं वळले. "बाळ, खडा खरंच निघाला होता?"

दत्तोपंतांनी साईराजकडं बघितलं. साईराजनं दत्तोपंतांकडं बघितलं. सत्तेपुढं कधी खोटं बोलायचं नाही, हे वाक्य त्याला गेल्याच बुधवारी पाठ करायला लावलं होतं. त्यानं छाती पुढं काढली.

"हो साहेब! माझी दाढ दुखली!"

चंद्राबाईला बोलावलं. ती हात पुसत आली.

"निघाला व्हता साहेब. तांदूळ सरकारचा, खडा बी सरकारचाच. मी फकस्त शिजवला."

सोनाली मॅडमना हसू फुटलं. साहेबांना फुटलं नाही.

"आणि वाढण्यात भेदभाव?"

"भेदभाव नाय साहेब. ती पोर सकाळी काय न खाता येते."

"नियम सगळ्यांना सारखा असतो, बाई," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "मुलांनी लोकशाही मार्गानं तक्रार केलीय. ती मी दाबू कशी?"

बावीस वर्षांची शेड एका पानाच्या कागदानं बंद झाली. जेवण आता बाहेरच्या बचत गटाकडून टेंपोतून यायला लागलं. बंद डबे, मोजलेली वाढणी, प्रत्येकाला अगदी सारखी. वाढायला आलेली बाई कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हती. तिला अजून चार शाळा करायच्या होत्या. रियानं ताट पुढं धरलं, एक वाढणी घेतली, ताट तसंच धरून ठेवलं. बाई पुढच्या पोराकडं गेली.

"सर," साईराजनं हळूच विचारलं, "क्रांती झाल्यावर तिकडं काय झालं?"

"नेपोलियन आला," दत्तोपंत म्हणाले.

"टेंपोतून?"

दत्तोपंतांना रात्रभर... नाही, दुपारपासूनच डोळा लागेना. मग त्यांनी ठरवलं, लोकशाहीनं केलेली चूक लोकशाहीच सुधारेल! निवडणूक घ्यायची! गुप्त मतदान! चिठ्ठीवर दोन चित्रं, डाव आणि टेंपो. आवडेल त्यावर खूण करा. मतपेटी म्हणून चंद्राबाईचाच रिकामा टोप, वर झाकण. पोरं एक एक करून शेडमध्ये गेली. मोजणी सगळ्यांसमोर झाली. टेंपोला शून्य! डावाला बत्तीस!

पोरं नाचली. दत्तोपंतही नाचले, गुडघे विसरून. तो कागद घेऊन ते स्वतः साहेबांकडं गेले.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "सर, मुलं किती?"

"एकतीस."

"मतं?"

दत्तोपंतांनी कागद वळवून आकडा पुन्हा वाचला. बत्तीस.

"मतदानात गैरप्रकार दिसतोय," साहेब अगदी दुःखानं म्हणाले आणि कागद परत दिला.

शाळेत चौकशी करायची गरजच पडली नाही. रियानं आपणहून हात वर केला.

"मी दोन टाकल्या सर."

"का गं बाळा?"

"मला दोनच डाव मिळायचे ना."

दत्तोपंत फळ्याकडं तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत राहिले. फळा कोराच होता.

त्या दिवशी ते चंद्राबाईच्या घरी गेले. माफी मागायची होती. स्कूटरवर त्यांनी तीन वाक्यं तयार केली होती. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तिन्ही गेली. खिळ्याला साईराजनं परत आणून दिलेला सोनेरी मुकुट अडकवलेला होता.

"या गुरुजी. बसा. नेमकं जेवायच्या टायमाला आलात."

चुलीवर मोठं पातेलं होतं. घरात माणूस एक!

"कोण येणार आहे?"

"कोन यायचंय? हाताला एकतीस पोरांचं माप लागलंय वो. एकटीचं जमतच नाय. घालते शेजारीपाजारी." तिनं ताटली पुसली. "गुरुजी, त्या रानीचं पुढं काय झालं?"

पोरं लहान म्हणून दत्तोपंतांनी शेवट सांगितला नव्हता. "ती... ती माहेरी गेली."

"खोटं नका बोलू. साईराजनं मोबाइलवर बघून सांगितलं मला. मान कापली म्हनं."

"हो."

"एका झटक्यात?"

"हो."

"मंग सुटली बिचारी," चंद्राबाई म्हणाली आणि त्यांच्या तोंडाकडं बघून दोन डाव वाढले. कडेला लिंबाची फोड.

दत्तोपंतांनी घास घेतला. कुर्रर्र! डाव्या दाढेखाली असा आवाज झाला, की त्यांना वाटलं शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. डोळ्यात पाणी आलं.

"कशी झालीय?" चंद्राबाईनं विचारलं. ती त्यांच्याकडंच बघत होती, पण जरा बाजूला. "खडा नाय ना गुरुजी? निवडते मी. पन गेल्या वर्षापासनं नीट दिसत नाय. कुनाला सांगितलं नाय. काढून टाकलं असतं मला."

चौतीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसानं खडा जिभेनं गालात सरकवला.

"लोण्यासारखी झालीय," ते म्हणाले आणि खडा गिळला. दाढेच्या तुकड्यासकट. मग अख्खी ताटली संपवली.

घरी आल्यावर पद्मजाताईंनी त्यांचा सुजलेला गाल बघितला.

"अगं बाई! काय झालं?"

"दाढ तुटली."

"कशानं? काय खाल्लंत एवढं कडक?"

दत्तोपंत खुर्चीत बसले. चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"केक," ते म्हणाले.